सुपा पाहिलेली माणसं अजून आहेत

ज्या माणसाचा जन्म १९४० साली सुप्यात झाला, तो मुंबई इलाख्यात जन्मला. स्वातंत्र्यानंतर तो मुंबई राज्याचा झाला, १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्याचा, आणि १९७३ साली त्या राज्याचं नाव बदलल्यावर कर्नाटकाचा. एवढ्या वर्षांत त्याने घरचा उंबरा काही बदलला नव्हता. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर, तालुक्याच्या त्या गावात, तो होता तिथेच होता. मग धरण आलं आणि गावच पाण्याखाली गेलं. तो माणूस आज हयात असेल तर पंच्याऐंशीच्या घरात आहे. पाणी चढलं तेव्हा पंचविशीतली, कडेवर पोर आणि डोक्यावर बोचकं घेऊन निघालेली सूनही आता सत्तरीला टेकली आहे.

हे लिहितोय ते त्यांच्या नातवंडांसाठी. तुम्ही रामनगरला असा, दांडेलीत असा, बेळगावात, मडगावात नाहीतर पुण्यात नोकरीला असा, आजी-आजोबांकडून सुप्याची हकिगत काढून घ्या. त्यांच्या आवाजात नोंदवून ठेवा, लिहून ठेवा, आणि हे यंदाच करा. दहा वर्षांनी सुप्यात कुणाचं घर कुणाला लागून होतं हे छातीठोकपणे सांगणारा एकही माणूस उरलेला नसेल.

ज्यांना हा मुलूख माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. उत्तर कन्नड जिल्ह्याचा जोयडा तालुका गोव्याला खेटून आहे. बहुतेक सगळा डोंगर आणि जंगल. २०११च्या जनगणनेत अख्ख्या तालुक्याची वस्ती पन्नास हजारांच्या आसपास. काळी नदी याच तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते आणि १८४ किलोमीटर वाहून कारवारला समुद्राला मिळते. तिच्यावर गणेशगुडीला सुपा धरण बांधलं. उंची १०१ मीटर, लांबी ३३२ मीटर, पाणीसाठा सुमारे १४७ टीएमसी. काम सत्तरच्या दशकात सुरू झालं आणि ऐंशीच्या दशकात पाणी साठलं. धरणाच्या पायथ्याशी वीज तयार होते, तेच पाणी खाली नागझरीला, पुढे कोडसळ्ळीला आणि कद्र्याला पुन्हा वीज देतं. कर्नाटकाच्या कितीतरी शहरांतले दिवे या पाण्यावर लागले. त्याच वेळी खुद्द जोयड्यातल्या अनेक वाड्या वर्षानुवर्षं रॉकेलच्या चिमणीवर होत्या.

सुपा हे तालुक्याचं ठिकाण. कचेरी, शाळा, बाजार, देवळं, सगळं तिथे. ते बुडालं तेव्हा कचेरी जोयड्याला गेली आणि तालुक्याचं नावही बदललं. सुप्याची आणि आसपासच्या बुडित वाड्यांची पुष्कळ माणसं बेळगाव-पणजी रस्त्यावर लोंढ्याजवळ वसवलेल्या रामनगरात आली. आज गोव्याला जाणारी गाडी रामनगरात चहाला थांबते, प्रवासी खाली उतरतात, समोरच्या दुकानातला म्हातारा सुट्टे पैसे मोजून देतो. हा गाव कुठून आला, हे त्याला कुणी विचारत नाही.

गणेशगुडीला तर रोज शेकड्याने पर्यटक येतात. धरणातून सोडलेल्या पाण्यावर राफ्टिंग चालतं, जलाशयाच्या काठावर रिसॉर्टं आहेत, संध्याकाळचे फोटो सुंदर येतात. त्या पाण्याखाली एक तालुक्याचं गाव आहे, असं सांगणारी चार ओळींची एक ठळक पाटी आणि एक नकाशा तिथे उभा राहायला हवा. तो उभा करायचा तर त्यावर काय लिहायचं, कुठली गल्ली कुठे काढायची, हे आधी कुणाकडून तरी कळायला हवं.

कुणी म्हणेल, सरकारदफ्तरी सगळं असेलच की. असेल. भूसंपादनाच्या निवाड्यात सर्वे नंबर असतो, क्षेत्र असतं, आकार असतो, खातेदाराचं नाव असतं, रक्कम असते. हे संपादन १८९४च्या कायद्याखाली झालं. त्या कायद्याला जमीन दिसायची, तिच्यावर नाव असलेला मालक दिसायचा आणि त्याला द्यायचे पैसे दिसायचे. पुनर्वसन हा हक्क म्हणून कायद्यात यायला २०१३ साल उजाडलं. मालकाच्या नावावर शेती कसणारं कूळ, कुमरी म्हणजे जंगलातली फिरती शेती करून पोट भरणारा कुणबी, दुसऱ्याच्या अंगणात खोपट घालून राहिलेली विधवा, देवळात वाजवणारा गुरव, बाजारच्या दिवशी दुरून येऊन बसणारी भाजीवाली, ही माणसं त्या कागदांत फारशी सापडत नाहीत. बायका तर जवळजवळ नाहीतच, कारण उताऱ्यावर नाव नवऱ्याचं नाहीतर सासऱ्याचं. कारवार जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर १८८३ सालचं, दोन जाडजूड भाग आहेत. त्यात लाकूड आहे, सारा आहे, रस्ते आणि पिकं आहेत. आजीचं अंगण तुम्हाला आजीच सांगणार.

आता कसं विचारायचं, याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तिथेच बहुतेकांचं अडतं.

‘गाव सोडताना तुला काय वाटलं?’ असा प्रश्न केला तर म्हातारी माणसं गप्प होतात. ‘काय वाटायचंय? सगळे निघाले, आम्हीपण निघालो,’ एवढ्यावर विषय संपतो. रामनगरातल्या एका आजींकडूनही मी हेच उत्तर ऐकलं. मग त्यांना विचारलं, चूल घरात कुठल्या बाजूला होती? त्या जरा थांबल्या. हात उचलून त्यांनी आधी दार कुठे होतं ते दाखवलं, मग पडवी, मग माजघर. बसल्या जागेवरून त्या बोटाने घर बांधत गेल्या. चुलीमागे लाकडं रचलेली असायची, पावसाळ्यात ती ओली होऊ नयेत म्हणून वरती माळ्यावर चढवायची. पावसात नदीचा आवाज एवढा, की स्वयंपाकघरातून पडवीतल्या माणसाला हाक मारायची तर ओरडावं लागे. शेजारी कोण, पलीकडे कोण, विहिरीवर आधी पाणी कोण भरायचं आणि कोणी लांब उभं राहायचं, तेही आलं. मग निघण्याचा दिवस आला. तुळस मुळासकट काढून मातीसह घमेल्यात ठेवली. कोंबड्या पायाला बांधून टोपलीत घातल्या. मांजर काही ट्रकात बसेना. ‘दोनदा धरून आणली, दोनदा उडी टाकून गेली. मग सासरे म्हणाले, राहू दे तिला, तिचं घर आहे.’ हे सांगितल्यावर त्यांनी पदराने डोळे पुसले आणि सुनेला चहा ठेवायला सांगितलं. काय वाटलं, याचं उत्तर असं मिळतं.

म्हणून प्रश्न वस्तूंचे विचारा. पाणी कुठून आणायचात? बाजार कुठल्या वारी? दळण कुठे? गावदेव कुठला आणि त्याला इकडे आणताना काय विधी केले, की देव तिथेच राहिला? बाळंतपणाला सुईण कोण? धरण होणार ही बातमी पहिल्यांदा कुणी सांगितली आणि ती खरी कधी वाटली? पैसे हातात आले ते कुणाच्या हातात, आणि त्यांचं काय झालं? नवीन जागी पहिला पावसाळा कसा काढला? गुरं कुठे गेली? मध्ये बोलू नका, सन-सनावळीवरून दुरुस्त करू नका. आजी ज्या भाषेत सांगते त्याच भाषेत तिचं बोलणं राहू द्या. जोयड्याकडची आमची बोली मराठी-कोकणीच्या मिश्रणाची, मधूनच कन्नड शब्द घेणारी. ती पुस्तकी मराठीत घासूनपुसून लिहाल तर निम्मं गेलं. आणि भांडणंही नोंदवा. सुप्यात सगळे गुण्यागोविंदाने राहत होते असं लिहायचा मोह होईल. जातीपातीची शिवाशिव तिथे होती, भाऊबंदकी होती, सावकार होता. ज्याला गावात मान होता त्याची आठवण वेगळी आणि ज्याला गावकुसाबाहेर ठेवलं त्याची वेगळी. दोन्ही घेतल्याशिवाय गाव पुरं होत नाही.

या तालुक्याला पळून आलेल्या माणसांची सवय फार जुनी आहे. बाराव्या शतकात कर्नाटकातल्या कल्याणात लिंगायत शरणांची कत्तल सुरू झाली तेव्हा चन्नबसवण्णा आणि त्यांच्याबरोबरचे शरण वचनांची पोथी वाचवत या जंगलात आले, असं परंपरा सांगते. जोयडा तालुक्यातल्या उळवीला चन्नबसवेश्वरांची समाधी आहे आणि माघातल्या जत्रेला आजही बेळगाव-धारवाडकडून बैलगाड्या येतात. पोर्तुगीज अमलात गोव्यातून गुलामगिरी झुगारून पळालेल्या सिद्दींनी यल्लापूर, हल्याळ आणि जोयड्याच्या रानातच आसरा घेतला. गोव्यात छळ सुरू झाला तेव्हा देवांसकट कितीतरी कुटुंबं घाट चढून या बाजूला आली. कॅसलरॉक स्टेशन म्हणजे तर कैक वर्षं दोन राजवटींमधला उंबरठाच, इकडे इंग्रज, तिकडे पोर्तुगीज.

यातल्या सिद्दींचा विचार केला की मला धास्ती वाटते. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेले एवढं ठाऊक आहे. कुठल्या किनाऱ्यावरून, कुठल्या गावातून, कुठली भाषा बोलणारे, हे घराघरांत विचारलं तर सांगता येत नाही. दमाम या ढोलाचा ताल टिकला, नाच टिकला, आणि ‘आपण कुठून आलो’ हे सांगणारी आजी मात्र काहीशे वर्षांपूर्वीच गेली. तिचं ऐकून ठेवायला तेव्हा कुणाकडे साधन नव्हतं. आज तुमच्या खिशात आहे.

उलट उदाहरण उळवीचं. वचनं वाचली ती ताडपत्रांवर उतरवली होती म्हणून, आणि ती उतरवलेली पानं घेऊन कुणीतरी जंगलात घुसलं म्हणून.

शेजारी गोव्यात बघा. सांगे तालुक्यातलं कुर्डी गाव साळावली धरणात गेलं, तेही ऐंशीच्याच दशकात. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं हे गाव. दर मे महिन्यात पाणी उतरलं की गावाची जमीन उघडी पडते आणि विस्थापित झालेली माणसं, त्यांची मुलं-नातवंडं तिथे जमतात, सोमेश्वराच्या देवळापाशी पूजा होते. लोक एकमेकांना घरांच्या जागा दाखवतात. त्यावर माहितीपट झाला, लेख झाले, गोव्यातल्या पोराला कुर्डी माहीत असतं. सुपा असा दर उन्हाळ्यात भेटायला येत नाही. म्हणून आपलं काम जास्त अवघड आहे आणि जास्त घाईचंही.

फाळणीच्या बाबतीत हे काम मोठ्या प्रमाणावर साठ वर्षांनी सुरू झालं. ‘१९४७ पार्टिशन आर्काइव्ह’ची सुरुवात २०१० सालची. साध्या स्वयंसेवकांनी कॅमेरे घेऊन घरोघर जाऊन दहा हजारांहून जास्त साक्षी जमवल्या. पण १९४७ साली जे तिशी-चाळिशीत होते, ज्यांनी घर सोडायचा निर्णय घेतला, त्यांतले बहुतेक तोवर गेले होते. हाती लागल्या त्या मुख्यतः तेव्हाच्या मुलांच्या आठवणी. सुप्याच्या बाबतीत निर्णय घेणारी पिढी संपत आली आहे, पण अजून संपलेली नाही. आपल्याकडे विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’ने धरणग्रस्तांचं दुःख मराठी घरांत पोचवलं, त्याला १९९२ सालचं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं. मुळशीचा सत्याग्रह आपल्या पाठ्यपुस्तकांतून, चरित्रांतून येतो. काळीच्या काठावरच्या मराठी-कोकणी माणसांच्या वाट्याला तेवढं लक्ष कधी आलं नाही. सीमाभाग म्हटला की आपण बेळगाव-निपाणीपर्यंत बोलतो आणि थांबतो.

या कामाचा रोकडा उपयोगही आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. २००६च्या वनहक्क कायद्याखाली अनुसूचित जमातीत नसलेल्या वननिवासींना दावा करायचा तर १३ डिसेंबर २००५च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, जंगलात राहत असल्याचं दाखवावं लागतं. १९३०चा कागद वाडीवरच्या माणसाने आणायचा कुठून? म्हणूनच या कायद्याच्या नियमांत पुराव्यांच्या यादीत वडीलधाऱ्या माणसांचं लिहून घेतलेलं निवेदन हा एक पुरावा मानला आहे. जोयड्यातल्या कुणब्यांना हे नेमकं लागू पडतं. २००३ साली गोव्यातल्या कुणब्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, त्याच साली उत्तर कन्नडच्या सिद्दींनाही मिळाला. घाटाच्या अलीकडचे कुणबी अजून मागणीच करत आहेत. रीतिरिवाज, कुळाचार, जंगलाशी असलेला संबंध, कंदमुळांपासून कुमरीपर्यंतचं ज्ञान, हे सगळं दाखवायचं तर ते म्हाताऱ्यांकडे आहे. आजीचं बोलणं नोंदवणं म्हणजे हौस नव्हे. उद्या कचेरीत उभं राहायची वेळ आली तर ते हातात असलेला कागद आहे.

आणि विस्थापन थांबलेलं नाही. दांडेली अभयारण्य आणि अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ साली व्याघ्रप्रकल्प झाला, २०१५ पासून त्याचं नाव काळी व्याघ्रप्रकल्प. त्यातल्या वाड्यांवरची कुटुंबं पॅकेज घेऊन बाहेर पडत आहेत. आधी कुटुंबामागे १० लाख होते, २०२१ पासून १५ लाख. कुणी खुशीने जातं, कारण शाळा नाही, दवाखाना नाही, रस्ता नाही. कुणी हिरमुसून जातं. जायचं की राहायचं हे त्यांचं त्यांनी ठरवावं, त्यात मी पडत नाही. माझं म्हणणं इतकंच, की घर सोडायच्या आधी त्या वाडीचा एक नकाशा, देवराईचं नाव, ओढ्यांची नावं, म्हाताऱ्यांचं तासभराचं बोलणं, एवढं तरी नोंदवून घ्या. सुप्याच्या वेळी हे झालं नाही. वनखात्याने आणि तालुका प्रशासनाने स्थलांतराच्या कामातच ही नोंद धरावी, अशी आग्रहाची मागणी आहे.

या तालुक्याला जपता येतं, हे त्याने दाखवलंही आहे. जोयड्याला दरवर्षी कंदमुळांचा मेळा भरतो. कुणबी बायका मुडली, काटेकणग, कोनफळं घेऊन बसतात, दुरून माणसं बघायला आणि बियाणं न्यायला येतात. घरच्या परसात जे मुकाट्याने नाहीसं होत चाललं होतं, ते चार लोकांत आणून मांडलं आणि त्याला मान मिळाला. त्याच मेळ्यात एक मांडव आठवणींचा घाला. एका बाजूला मोठा कागद लावा आणि सुप्याच्या म्हाताऱ्यांना त्यावर आपापलं घर काढू द्या. दुपारपर्यंत वाद सुरू होतील, ‘तुमचं घर इथे नव्हतंच’ म्हणून, आणि संध्याकाळपर्यंत गावाचा नकाशा तयार होईल.

रामनगर आणि जोयड्याच्या मराठी शाळांतल्या गुरुजी-बाईंना विनंती, पाचवीच्या पुढच्या प्रत्येक मुलाला यंदा एकच प्रकल्प द्या: घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाची मुलाखत. दांडेली, हल्याळ, कारवार, बेळगावच्या महाविद्यालयांतल्या मराठी, कन्नड आणि इतिहासाच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांचे गट पाठवावेत आणि मुलाखतींची लिखित प्रत करायची जबाबदारी घ्यावी. बेळगाव आणि गोव्याच्या वृत्तपत्रांनी जुने अंक चाळून त्या काळच्या बातम्या आणि छायाचित्रं खुली करावीत. धरण ज्या महामंडळाकडे आहे त्याने बांधकामाच्या वेळची छायाचित्रं आणि बुडित क्षेत्राचे नकाशे रामनगरच्या ग्रामपंचायतीला द्यावेत आणि गणेशगुडीला ती पाटी लावावी. वीज ज्यांच्या घरांवरून वाहिलेल्या पाण्यातून निघते त्यांच्यासाठी हे फार नाही. ज्यांच्याकडे लग्नाचे, शाळेचे, जत्रेचे जुने फोटो आहेत त्यांनी ते फ्रेममधून काढून, मागच्या बाजूसकट, मोबाइलवर टिपावेत. मागे नावं लिहिलेली असतात. मोबदल्याच्या नोटिसा, पावत्या, जुने उतारे वाळवी लागण्याआधी टिपा. प्रत्येक नोंद तीन ठिकाणी ठेवा: घरी, गावातल्या शाळेत किंवा वाचनालयात, आणि बाहेरच्या एखाद्या महाविद्यालयात. ज्याची आठवण आहे त्याला विचारून ठेवा, आणि त्याने नको म्हटलेलं कुणाला ऐकवू नका.

लांब राहणाऱ्या नातवंडांनो, तुम्हाला वेगळं सांगायचं आहे. तुम्ही गणपतीला गावी जाता, दोन दिवस राहता, आजीच्या पाया पडता आणि परत निघता. या वेळी एक दुपार राखून ठेवा. फोन विमान मोडवर टाका, रेकॉर्डिंग सुरू करा, तिच्या शेजारी जमिनीवर बसा आणि विचारा, ‘आजी, सुप्यात आपलं घर कसं होतं गं?’ सुरुवातीला दिवस, वार आणि तिचं पूर्ण नाव तिच्याच तोंडून घ्या, माहेरच्या नावासकट. गणपती लांब असतील तर थांबू नका, आज रात्रीच फोन करा.